चळवळीचे सोवळे आणि मतपेटी

सामाजिक न्यायासाठी आयुष्य वेचणाऱ्या कार्यकर्त्याने निवडणुकीच्या आखाड्यात उतरावे काय, हा प्रश्न निघाला म्हणजे आपल्या सुशिक्षित समाजाची मोठी गंमत होते. "अशी निःस्पृह माणसे राजकारणात आल्यावाचून देशाचे काही खरे नाही," असे सोमवारी म्हणणारे गृहस्थच, तसे कोणी खरोखर उभे राहिले की, "शेवटी यांनाही खुर्चीचा मोह आवरला नाही," असे मंगळवारी म्हणतात. आणि मतदानाच्या दिवशी आपले मत तिसऱ्याच उमेदवाराच्या पदरात टाकून मोकळे होतात. नागपूरकरांना हे दुसऱ्या कोणी सांगावयास नको. १० एप्रिल २०१४ रोजी या शहराने लोकसभेसाठी मतदान केले तेव्हा सिंचनातील गैरव्यवहारांविरुद्ध झगडून महाराष्ट्राला परिचित झालेल्या श्रीमती अंजली दमानिया आम आदमी पक्षाच्या वतीने उमेदवार होत्या. श्री. नितीन गडकरी यांना ५,८७,७६७ मते पडली, श्री. विलास मुत्तेमवार यांना ३,०२,९१९. श्रीमती दमानिया यांच्या वाट्याला सुमारे ६९ हजार आली. त्यानंतर दोन आठवड्यांनी ईशान्य मुंबईत श्रीमती मेधा पाटकर यांची तीच गत झाली. नर्मदेच्या खोऱ्यात पाव शतकाहून अधिक काळ झिजलेल्या या बाईंना सुमारे ७६ हजार मते मिळाली आणि विजयी उमेदवाराला सव्वापाच लाखांच्या घरात. दोघींनाही अनामत रक्कम राखता आली नाही.

या पराभवांची एक उपपत्ती त्याच वेळी मांडण्यात आली आणि ती अद्यापही सांगितली जाते: लाट होती, तिच्यापुढे कोणाचे काय चालणार? लाट होती हे कोणीही नाकारणार नाही. परंतु आमच्या शेजारच्या चंद्रपूर मतदारसंघात त्याच पक्षाचे, त्याच झाडूच्या चिन्हावर, त्याच लाटेत उभे राहिलेले श्री. वामनराव चटप यांनी दोन लाखांहून अधिक मते मिळविली, तिचे काय? तेही निवडून आले नाहीत हे खरे. पण ६९ हजार आणि दोन लाख यांतील अंतराला काही कारण असले पाहिजे. ते कारण शोधावयास फार दूर जावे लागत नाही. श्री. चटप हे शेतकरी संघटनेच्या मांडवाखाली वाढलेले, राजुऱ्यातून विधानसभेत गेलेले. त्यांचा मतदार त्यांना पक्षाच्या आधीपासून ओळखत होता. उलट श्रीमती दमानिया यांचे नाव झाले ते रायगड जिल्ह्यातील कोंढाणे धरणाच्या प्रकरणातून. नागपुरात त्या आल्या त्या प्रतिस्पर्ध्याचे नाव पाहून, मतदारांचे गाव पाहून नव्हे. विशेष हे की सिंचनाचा प्रश्न नागपूरला अपरिचित मुळीच नव्हता. येथल्याच जनमंच या संस्थेने २०१२ साली तो उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे नेला होता. प्रश्न इथला होता, त्याचा पाठपुरावा करणारी माणसे इथली होती. फक्त उमेदवार तेवढा बाहेरून आला.

मतदाराच्या बाजूनेही या गोष्टीकडे पाहिले पाहिजे. मनीषनगरचेच उदाहरण घ्यावे. वर्धा रोडवरून लोहमार्ग ओलांडून जावे लागणारी ही वसाहत नोकरदारांची, निवृत्तांची, कर्ज काढून सदनिका घेतलेल्या तरुण कुटुंबांची. मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई या दोन्ही मार्गांवरील गाड्या ज्या रुळांवरून धावतात, त्या रुळांवरचे फाटक ओलांडून येथल्या माणसाला वर्षानुवर्षे कचेरी गाठावी लागली. फाटक पडले की दोन्ही अंगांना वाहनांची रांग लागावयाची आणि मुलांची शाळा चुकावयाची. या नागरिकाला सिंचनातील लुटीची चीड नव्हती काय? होती, आणि ती खरी होती. परंतु फाटक त्याच्या दारात होते. पुढे त्या ठिकाणी पूल झाला, वर्धा रोडवर मेट्रोही धावू लागली. आणि जो पूल बांधून देतो त्याला मत द्यावे, या विचारात आम्हांस यत्किंचितही लज्जास्पद असे काही दिसत नाही. लोकप्रतिनिधीकडून पूल मागणे हा मतदाराचा हक्क आहे. अडचण अशी की, ज्यांच्यावर अन्याय होतो ते एका मतदारसंघात राहतात आणि त्या अन्यायाची ज्यांना वृत्तपत्र वाचून चीड येते ते दुसऱ्या. गोसेखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. मूळ अंदाज ३७२ कोटी रुपयांचा. तो पुढे किती पटींनी फुगला हे विदर्भातील वाचकाला सांगावयास नको. त्या पाण्याखाली गेलेली गावे भंडारा जिल्ह्यात आणि आमच्याच जिल्ह्याच्या कुही तालुक्यात. पण कुही तालुका रामटेक मतदारसंघात मोडतो, नागपूर मतदारसंघात नव्हे! म्हणजे गोसेखुर्दच्या विस्थापिताने श्रीमती दमानिया यांना मत द्यावयाचे मनात आणले असते, तरी त्याच्या मतपत्रिकेवर त्यांचे नावच नव्हते.

नर्मदेच्या बाबतीत ही विसंगती आणखी तीव्र आहे, आणि तिची चर्चा जितकी व्हावयास हवी होती तितकी कधी झाली नाही असे आमचे मत आहे. सरदार सरोवराने बाधित झालेली महाराष्ट्रातील ३३ गावे अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील, म्हणजे नंदुरबार मतदारसंघातील. मध्य प्रदेशातील बडवानी, अलिराजपूर, धार येथील बाधितांचे मतदारसंघ खरगोन, रतलाम आणि धार हे. हे सगळे मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत, आणि ते तसे असणे न्याय्यच आहे. परंतु याचा अर्थ असा की, ज्या खोऱ्यात श्रीमती पाटकर यांनी मणिबेलीपासून सत्याग्रह केले, जेथे गुडघाभर पाण्यात उभे राहून लोकांनी त्यांच्याबरोबर धरणे धरले, त्या खोऱ्यातून त्यांना लोकसभेसाठी उभे राहताच आले नसते. त्यांना मुंबईस यावे लागले. मानखुर्द-मंडाळ्याच्या झोपडपट्ट्यांत 'घर बचाओ, घर बनाओ' आंदोलनाचे काम होते, तेवढाच आधार. मुलुंड-घाटकोपरच्या मतदाराशी त्यांचा संबंध वृत्तपत्रांतून आलेला. तेव्हा ईशान्य मुंबईतील पराभव हा नर्मदा आंदोलनाविषयीचा जनतेचा कौल होता असे जे कोणी म्हणतात, ते एकतर नकाशा पाहत नाहीत किंवा पाहूनही बोलत नाहीत. खरा प्रश्न वेगळाच आहे. तीस-पस्तीस वर्षांच्या लढ्यातून पहाडातील जी आदिवासी तरुण पिढी तयार झाली, जीवनशाळांतून जी शिकली, तिच्यातून नंदुरबारचा उमेदवार का पुढे आला नाही? आंदोलनाने निवडणूक हे आपले काम नव्हे असे मानले, आणि जेव्हा मानणे सोडले तेव्हा प्रामुख्याने नेत्यांना पुढे केले.

हे न मानण्याची परंपरा कोठून आली? मनीषनगरहून वर्धा रोड तसाच पुढे धरला तर सेवाग्राम लागते. मृत्यूच्या आदल्या दिवशी, २९ जानेवारी १९४८ रोजी, महात्माजींनी काँग्रेसने पक्ष म्हणून विसर्जित होऊन लोकसेवक संघाचे रूप घ्यावे असा मसुदा लिहिला. त्यानंतर मार्चमध्ये रचनात्मक कार्यकर्ते सेवाग्रामला जमले आणि सत्तेपासून अलिप्त राहून समाजाची उभारणी करावयाची, या विचाराला तेथून संघटित रूप आले. जयप्रकाशांनी १९५४ साली जीवनदान केले ते याच विचाराने. या परंपरेने दिलेली माणसे किती थोर होती हे विदर्भाने जवळून पाहिले आहे. त्यांच्याविषयी उणा शब्द आमच्या लेखणीतून उतरणार नाही. परंतु याच परंपरेतून एक सोवळेही जन्माला आले. सत्ता म्हणजे विटाळ, निवडणूक म्हणजे चिखल, आणि कार्यकर्त्याने त्यात पाय घातला की त्याचे पुण्य बुडाले. त्याच जयप्रकाशांना वीस वर्षांनी, १९७४ साली, राजकारणाच्या ऐन भोवऱ्यात उतरावे लागले, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

तोच रस्ता उलट दिशेने, शहराकडे धरला तर थोड्याच अंतरावर दीक्षाभूमी आहे. आणि तेथली परंपरा निराळी आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले तेव्हा ते मुंबई कायदेमंडळाचे नियुक्त सभासद होते. सत्याग्रहाला आधार होता तोही कायदेमंडळातील ठरावाचा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली तेथे संमत झाला होता, आणि महाडच्या नगरपालिकेने तो स्वीकारलाही होता. कागदावरील ठराव तळ्यावर नेणे, एवढेच त्या सत्याग्रहाचे काम. आणि केवढे ते काम! दहा वर्षांनी, १७ सप्टेंबर १९३७ रोजी, त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधानसभेत मांडले. पुढच्या जानेवारीत कोकणातील हजारो कुळे मुंबईत जमली आणि त्यांचा मोर्चा विधानसभेवर गेला. सभागृहात विधेयक आणि दारात मोर्चा, दोन्हींचा नेता एकच. ते विधेयक संमत झाले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. पण बारा वर्षांपूर्वी ज्याने ती मागणी कायद्याच्या भाषेत मांडून ठेवली होती त्याचे श्रम फुकट गेले असे कोण म्हणेल? शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची घोषणा १९४२ साली नागपुरात झाली, आणि रिपब्लिकन पक्षाची स्थापना ३ ऑक्टोबर १९५७ रोजी याच शहरात. ज्यांच्या पाठीशी ना जमीन होती ना जात, त्यांनी सत्तेकडे विटाळ म्हणून पाहणे परवडण्यासारखे नव्हते. सोवळे पाळावयास घरात आधी पाणी असावे लागते.

याचा अर्थ बाबासाहेबांना मतपेटी प्रसन्न होती असा मात्र नव्हे. १९५२ साली मुंबईत आणि १९५४ साली येथून जवळच असलेल्या भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत, राज्यघटनेच्या या शिल्पकाराला मतदारांनी घरी बसविले. २०१७ साली मणिपुरात सोळा वर्षांचे उपोषण सोडून उभ्या राहिलेल्या इरोम शर्मिला यांना अवघी ९० मते मिळाली, तेव्हा हळहळणाऱ्यांनी भंडारा आठवावयास हरकत नव्हती. पराभवाने खचून न जाता पुन्हा मोर्चाकडे वळण्याची ताकद कोठून येते, हे दादासाहेब गायकवाडांकडे पाहिले म्हणजे कळते. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहातील हा कार्यकर्ता १९५७ साली नाशिकहून लोकसभेत गेला, १९६२ मध्ये राज्यसभेत. आणि राज्यसभेचा सभासद असतानाच ६ डिसेंबर १९६४ पासून त्याने भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह उभा करून तुरुंग भरले. खासदाराला मान मिळतो तसा तुरुंगही मिळू शकतो, ही कल्पना आज कोणाच्या स्वप्नात तरी येते काय? पुढे त्या पक्षाची किती शकले झाली ही निराळी आणि दुःखद कहाणी.

पण या सर्वांहून आजच्या शहरी कार्यकर्त्याला उपयोगी पडेल असे उदाहरण मृणाल गोरे यांचे आहे, असे आम्हांस वाटते. वैद्यकीचे शिक्षण अर्धवट टाकून सेवादलात आणि समाजवादी पक्षात शिरलेल्या या बाईंनी दिल्लीचा विचार करण्याआधी गोरेगावच्या नळाचा विचार केला. १९६१ साली त्या मुंबई महापालिकेत निवडून आल्या. हंडे घेऊन निघालेल्या बायकांच्या मोर्चांनी त्यांना 'पाणीवाली बाई' हे नाव दिले. १९७२ साली महागाईविरुद्ध लाटणी घेऊन गृहिणी रस्त्यावर आल्या, त्यांत अहिल्याबाई रांगणेकरांसह त्या अग्रभागी होत्या. त्याच वर्षी त्या विधानसभेत गेल्या. आणीबाणीत कारावास भोगून १९७७ साली उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या. नगरसेविका, आमदार, खासदार हा चढता जिना. पण प्रत्येक पायरीला खाली पाहावे तो त्याच बायका, तेच हंडे. १९८५ नंतर त्या पुन्हा विधानसभेत होत्या. तेव्हा गर्भलिंगचिकित्सेविरुद्ध मुंबईत डॉक्टर आणि स्त्रीकार्यकर्त्यांचा मंच बाहेरून झगडत होता. मृणालताईंनी आत अशासकीय विधेयक आणले. सरकारला शेवटी स्वतःचे विधेयक आणणे भाग पडले आणि १९८८ साली महाराष्ट्राने देशातील या विषयावरचा पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा त्यानंतर सहा वर्षांनी आला.

येथे जाणकार वाचक आक्षेप घेईल, आणि तो वजनदार आहे. संसदेने अशासकीय विधेयके आजवर चौदा काय ती संमत केली, त्यांतील शेवटचे १९७० साली. १९८५ च्या पक्षांतरबंदीच्या दुरुस्तीनंतर तर खासदाराचे मत त्याचे स्वतःचेही राहिले नाही. पक्षाचा प्रतोद सांगेल तसा हात वर करावयाचा. मग चळवळीतील स्वतंत्र बाण्याच्या माणसाने तेथे जाऊन करावयाचे काय? हे खरे असले तरी प्रश्नोत्तराचा तास, समित्या, अर्थसंकल्पावरील कपात सूचना, आश्वासनांचा पाठपुरावा ही साधने कोणी काढून घेतलेली नाहीत. ज्याच्यामागे बाहेर माणसे उभी आहेत त्याच्या हाती ती शस्त्रे होतात, इतरांच्या हाती ती कागदाची भेंडोळी राहतात. शरद जोशी यांना २००४ ते २०१० या काळात राज्यसभेत पाहिलेल्यांना आठवत असेल की, ९ मार्च २०१० रोजी महिला आरक्षणाच्या विधेयकाविरुद्ध मत देणारे ते एकटे होते. त्यांचे म्हणणे आम्हांस मान्य नव्हते. पण १८६ विरुद्ध १ अशा मतदानात तो एक होण्याचे धैर्य चळवळीच्या मुशीत तयार झालेले होते. मात्र ते मांडवाखाली बायाबापड्यांच्या लाखलाख सभा भरवीत होते तेव्हा त्यांचा शब्द सरकारला जितका झोंबत असे, तितका राज्यसभेतून झोंबला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच की, २०१४ साली ज्यात चूक झाली ती निवडणूक लढविण्यात नव्हती. उसन्या पक्षात, उसन्या मतदारसंघात आणि निवडणुकीपूर्वी दोन-तीन महिने ती लढविण्यात होती. श्रीमती पाटकर जानेवारी २०१४ मध्ये पक्षात आल्या आणि मार्च २०१५ मध्ये बाहेर पडल्या. श्रीमती दमानिया यांनीही त्याच महिन्यात पक्ष सोडला. पक्षाच्या राष्ट्रीय कार्यकारिणीतील भांडण दिल्लीचे, आणि त्यात वाहून गेले ते मुंबई-नागपुरातील सद्भावनेचे भांडवल. ज्या पक्षाची घटना आपण लिहिली नाही, ज्याच्या हिशेबावर आपली सही नाही आणि ज्याचा उमेदवार ठरविताना आपल्या माणसांना कोणी विचारले नाही, त्याच्या दाराशी पंचवीस वर्षांची पुण्याई ठेवणे हे त्यागाचे लक्षण असेल, शहाणपणाचे नव्हे.

आणि आता थोडे आपल्याविषयी. लोकसभेच्या उमेदवाराच्या खर्चाची कायदेशीर मर्यादा २०१४ साली ७० लाख रुपये होती. २०२२ मध्ये ती ९५ लाख झाली. मर्यादेबाहेर काय उधळले जाते ते सोडून देऊ. ही कायदेशीर रक्कम कार्यकर्त्याने आणावयाची कोठून? मध्यमवर्ग त्याला शाल देतो, श्रीफळ देतो, सत्काराच्या समारंभात त्याच्या फकिरीचे कौतुक करतो. पावती फाडावयाची वेळ आली की खिशात हात जात नाही. मतदारयादी घेऊन दुपारच्या उन्हात दहा घरे फिरावयाची तर त्याहून नाही. उमेदवार निवडून येणार नाही म्हणून मत वाया का घालवा, असा हिशेब मांडणारा हाच वर्ग, तो पडला की "समाजाला चांगली माणसे नको आहेत" असा निष्कर्ष काढतो. समाज म्हणजे आपल्याला वगळून उरलेले सगळे!

मृणालताईंच्या जिन्याची पहिली पायरी महापालिकेची होती, आणि तीच पायरी नागपुरात मोडून पडली होती. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, कारभार प्रशासकाच्या हाती गेला आणि निवडणूक वर्षामागून वर्षे लांबत राहिली. मनीषनगरच्या नागरिकाला गटाराची तक्रार घेऊन निवडलेल्या माणसाच्या दारी जाता आले नाही, आणि त्या प्रभागात काम करू इच्छिणाऱ्या तरुण कार्यकर्तीला उभे राहावयास जागा उरली नाही. फाटकाच्या पुलासाठी निवेदने देणाऱ्या, मोर्चे काढणाऱ्या या वसाहतीतून त्या काळात महापालिका निवडणुकीसाठी किती मोर्चे निघाले? लोकसभेला उभ्या राहिलेल्या पाहुण्या उमेदवाराला आपण तेथल्या प्रश्नांची माहिती विचारतो, ते योग्यच. पण नंदुरबारच्या राखीव जागेवर पहाडातून येणाऱ्या आदिवासी उमेदवाराला, कुहीच्या पुनर्वसित गावठाणातून रामटेकला उभ्या राहू पाहणाऱ्या विस्थापिताला किंवा आपल्याच प्रभागातील नळासाठी भांडणाऱ्या बाईला उद्या पैसा, वेळ आणि मत यांपैकी आपण काय देणार, हे ठरवावयास उमेदवारी अर्ज भरण्याच्या तारखेची वाट पाहण्याचे कारण नाही.